प्रॉप अपचा अर्थ

सर रोज सकाळी दहाला आपल्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवायचे आणि संध्याकाळी साडेपाचला ती काढून खिशात घालायचे. टेबलाचा तो पाय बोटभर आखूड होता. मी नवीन असताना एकदा म्हटलं, "सर, राहू द्या नं घडी तिथंच. रोज कायले वाकता?"

"राहू दिली तर टेबल दुरुस्त झालं असं वाटन सगळ्यायले," ते म्हणाले. "चार दिवसांनी मलेही वाटन."

दर महिन्याच्या एक तारखेला ते टेबलदुरुस्तीचा अर्ज द्यायचे. मी रुजू झाले तेव्हा चौदावा अर्ज गेला होता. स्टोअरचे बाबू अर्ज हातात घेऊन हसायचे आणि फाइलला लावायचे. त्या हसण्याचं सरांना काही वाटत नसे. पोच मात्र ते शिक्क्यासह मागून घ्यायचे.

रायपूर राजधानी होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. सगळाच संसार हंगामी होता. आमचं ऑफिस तेलीबांध्याच्या बाजूला एका भाड्याच्या दुमजली घरात होतं. स्वयंपाकघरात रेकॉर्ड रूम होती आणि भोपाळहून आलेल्या फाइली अजून पोत्यांतच होत्या. अनुवाद विभाग म्हणजे प्लायवूड ठोकून बंद केलेला व्हरांडा, आणि त्यात आम्ही दोघं. इंग्रजी अहवाल, पत्रं, करार आले की त्यांचं हिंदी करायचं, हे आमचं काम. दोघंही मराठी. मी रायपूरचीच, रेल्वेवाल्यांच्या घरची, ते वर्ध्याकडचे. आपसात मराठी, कागदावर हिंदी. ते मुख्य अनुवादक होते, पंचावन्नच्या पुढचे. मी हंगामी; दर तीन महिन्यांनी माझी नेमणूक नव्यानं निघायची. नवरा रेल्वेत, डोंगरगडला. पाच वर्षांची मुलगी माझ्याजवळ.

राज्य वेगळं झालं तेव्हा भोपाळचे कितीतरी लोक इकडे येऊ नये म्हणून ओळखी काढत फिरले. सरांनी रायपूर स्वतः मागून घेतलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "नवीन राज्यात कागद नवीन असतात. सुरुवातीले जे शब्द पडतात तेच मग पन्नास वर्षं चालते." त्यांची बायको वर्ध्याला शाळेत शिकवायची आणि सुट्ट्यांत यायची. ते ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्यांत एकटे राहायचे, स्वतःच्या हातानं पोळ्या करायचे. पोळ्या वाकड्या व्हायच्या. शब्द वाकडा झालेला मात्र त्यांना खपायचा नाही. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका त्यांनी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवली होती. आईला फार लागलं. लग्नाला ते सर्वांत आधी आले, पहिल्या पंगतीला बसले, आणि जाताना आईला वाकून नमस्कार करून म्हणाले, "वहिनी, पत्रिका चुकीची होती. लग्न बरोबर झालं."

शनिवारी संध्याकाळी ते घराच्या ओट्यावर शिकवायचे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी दहा-बारा मुलं-मुली यायची. फी नव्हती. एका आठवड्याला एकच इंग्रजी क्रियापद, तेही जोडीचं, ज्याच्या मागे अप, डाउन, ऑफ असलं काहीतरी लागलेलं असतं. बहुतेक मुलं मराठी घरांतली होती, पण सर मराठीत बोलायचे आणि ती हिंदीत उत्तरं द्यायची. विभागीय परीक्षेत मलाही इंग्रजीचा पेपर होता, म्हणून मुलीला घेऊन मीही जाऊन बसायची.

'प्रॉप अप'चा शनिवार माझ्या डोळ्यांसमोर आहे. घरमालकांची सायकल ओट्याला लागून उभी होती. तिचं स्टँड तुटलेलं, म्हणून सीटखाली एक काठी लावलेली. सर म्हणाले, "सायकल उभी आहे का?"

"है ना सर, खड़ी है," एक मुलगी म्हणाली.

सरांनी काठी ओढली. सायकल घरमालकांच्या कुंड्यांवर आडवी झाली. दोन कुंड्या फुटल्या. आतून घरमालक काय झालं म्हणून धावत आले. सर त्यांच्याकडे न पाहता मुलांनाच सांगत होते.

"उभी नव्हती. पडून राहिली होती. काठीनं फक्त थांबवली होती. सपोर्ट म्हणजे खांब. खांब घराचाच असते. प्रॉप म्हणजे टेकू. टेकू बाहेरून आणलेला असते. खांब असला तर घर उभं आहे म्हणा. टेकू असला तर घर पडून राहिलं आहे, पण अजून पडलं नाही, असं म्हणा." सरांच्या वर्ध्याकडच्या बोलीत 'पडून राहिलं आहे' म्हणजे 'पडतं आहे'.

"सर, मतलब तो सहारा देना ही हुआ ना?" मुलगी म्हणाली.

"नाही. सहारा तर मी तुह्या खांद्यावर हात ठेवला तरी होते. मी हात काढला तर तू पडशील का? नाही पडणार. प्रॉप अपमध्ये हात काढला की वस्तू पडते. आणि याचा भूतकाळ लय फसवा आहे. 'प्रॉप अप केलं आहे' म्हटलं की वाटते, झालं काम. काम झालेलं नसते. काठी जोवर उभी आहे तोवरच ते वाक्य खरं."

घरमालक आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. सरांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, जूनच्या शेवटी, वसतिगृहाचा अहवाल आला.

शहराबाहेर, नव्या राजधानीसाठी जिकडे जमीन आखली जात होती त्या रस्त्याला, एक जुनी सरकारी इमारत होती. खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलींसाठी आमच्या खात्याला तिथे वसतिगृह सुरू करायचं होतं. बासष्ट मुली तोवर एका धर्मशाळेत राहत होत्या आणि धर्मशाळावाले जागा रिकामी करा म्हणून रोज माणूस पाठवत होते. इमारतीच्या भोजनकक्षाच्या छताला तडे होते. बाहेरून एक तज्ज्ञ इंजिनिअर येऊन पाहून गेले, त्यांनी छताखाली बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, उभ्या करून तात्पुरती सोय करून दिली आणि दोन पानी इंग्रजी अहवाल पाठवून ते परगावी गेले. अहवालात त्या छताबद्दल एकच वाक्य होतं: छत प्रॉप अप केलेलं आहे, तूर्त हॉल वापरता येईल.

सरांनी हिंदी केलं: 'छत टेक लगाकर रोकी गई है, फ़िलहाल कक्ष का उपयोग किया जा सकता है.'

दुपारी उपसंचालकसाहेब स्वतः आमच्या व्हरांड्यात आले. एरवी ते शिपायाला पाठवायचे. खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नव्हता. त्या मुलींना धर्मशाळेत पाहून आले होते, चार मुली तापानं पडल्या होत्या.

"ये 'टेक लगाकर रोकी गई है' मैं ऊपर कैसे भेजूँ?" ते म्हणाले. "कोई मंज़ूरी नहीं देगा. आप लिख दीजिए, सुदृढ़ कर दी गई है."

"अंग्रेज़ी में ऐसा नहीं लिखा है, साहब."

"मतलब तो वही है."

"मतलब उल्टा है," सर म्हणाले. "सुदृढ़ की होती तो बल्लियाँ नहीं लगानी पड़तीं."

"बल्लियाँ तो लगी ही हैं. शब्द से क्या फ़र्क पड़ेगा?"

"फ़र्क नहीं पड़ता तो यही रहने दीजिए."

साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "बासष्ट लड़कियाँ हैं. आपके एक शब्द के लिए सड़क पर आ जाएँगी." आणि फाइल घेऊन निघून गेले. सर बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत होते. ते अस्वस्थ झाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. समोर तीच फाइल. कायम करायच्या हंगामी लोकांची यादी पुढच्या आठवड्यात जाते आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. धमकी म्हणून नाही, अगदी बातमी सांगावी तसं. मग म्हणाले, "आप समझदार हैं. एक शब्द की बात है."

मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं: 'भोजन कक्ष की छत को सुदृढ़ कर दिया गया है.' खाली अनुवादक म्हणून सही केली. अक्षर माझं नेहमी चांगलं येतं. त्या दिवशीही चांगलंच आलं.

परत आले तेव्हा सर मान खाली घालून काम करत होते. काय झालं, त्यांनी विचारलं नाही. पुढचे दहा-बारा दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. मी मनाशी एकच गोष्ट घोकत होते. छताला बल्ल्या आहेत. कागदावरच्या शब्दानं बल्ली जागची हलत नाही. मुलींना जागा मिळाली, माझं नाव यादीत गेलं, कुणाचं काय बिघडलं? रात्री मुलगी झोपली की तेच पुन्हा घोकायची.

मंजुरी आली. मुली राहायला गेल्या. उद्घाटनाला मंत्री येणार, असं ठरलं. आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, मांडवाच्या खुर्च्या पोचवून आलेला आमचा ड्रायव्हर व्हरांड्याच्या दारात चहा पीत उभा होता. सहज म्हणाला, "डाइनिंग हॉल तो एकदम चकाचक हो गया, सर. मंत्री जी वहीं लड़कियों के साथ खाएँगे. बल्ली-वल्ली सब निकलवा रहे हैं."

सर उठले. त्यांनी पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "तुही गाडी आहे नं?"

मी स्कूटी काढली. ते मागे बसले. मी विचार करत होते की त्यांना आत्ताच सांगावं. तोंड उघडलं की वारा तोंडात जात होता आणि मी परत मिटत होते. ते सगळ्या रस्त्यात एकदाच बोलले. वळणावर खडी पसरली होती, तिथे म्हणाले, "हळू."

आम्ही पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. साडेबाराला मुलींचं जेवण. भोजनकक्षात पट्ट्या अंथरून स्टीलची ताटं मांडून झाली होती. दारात मुली घोळक्यानं उभ्या होत्या. आत एक मिस्त्री आणि त्याची बायको काम करत होते. अकरा बल्ल्यांपैकी सात काढून भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. चार अजून उभ्या होत्या. मिस्त्री आठव्या बल्लीच्या बुडाची पाचर हातोडीनं ठोकून सैल करत होता.

"रुको," सर म्हणाले. "हाथ मत लगाओ."

मिस्त्री थांबला. पन्नाशीचा, काटक, शांत माणूस होता. "साहब के आदेश हे, गुरुजी," तो म्हणाला. "कागज म लिखाय हे, छत सुदृढ़ होगे हे. त बल्ली काबर?"

वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईही आल्या. त्यांच्या हातात त्याच कागदाची झेरॉक्स प्रत होती. त्यांनी ती सरांपुढे धरली. सरांनी वाचली. अक्षर ते ओळखत होतेच, तरी माझ्याकडे वळून विचारलं, "कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. तसे ते रागावायचे. एका मात्रेसाठी टायपिस्टला उभं केलेलं मी पाहिलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "मग तूच सांग त्याले. माहं कोण ऐकन? माहं नाव कुठंच नाही त्याच्यावर."

मी मिस्त्रीला म्हटलं, "भैया, ये शब्द गलत है. मैंने लिखा है. छत सुदृढ़ नहीं हुई है. बल्ली से ही रुकी है."

मिस्त्रीनं वर पाहिलं, मग माझ्याकडे. "मुँहजबानी नइ चलय, दीदी," तो म्हणाला. "काली साहब मोला पूछही. लिख के देव." उद्या साहेबांनी विचारलं तर दाखवायला त्याला कागद हवा होता.

अधीक्षिकाबाईंनी हजेरीच्या रजिस्टरचं एक पान फाडून दिलं. मी खिडकीच्या कठड्यावर ठेवून लिहायला लागले. यादीत गेलेलं माझं नाव, डोंगरगड, मुलीची शाळा, सगळं डोक्यात एकदम आलं. हात मात्र लिहीत राहिला. 'भोजन कक्ष की छत के संबंध में मेरे अनुवाद में भूल हुई है. छत सुदृढ़ नहीं की गई है, केवल टेक लगाकर रोकी गई है. बल्लियाँ न हटाई जाएँ.' नाव, पद, वेळ, सही.

सरांनी पान घेतलं. सवयीनं एकेका शब्दाखालून बोट फिरवत वाचू लागले. 'भूल'वर त्यांचं बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून छताकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढून माझ्या सहीखाली आपली सही केली आणि पान मिस्त्रीच्या हातात दिलं.

मिस्त्रीला किती वाचता येत होतं, ठाऊक नाही. दोन सह्या पाहून त्यानं पानाची घडी घातली आणि कमरेला खोचली. तेवढ्यात वरून काहीतरी सांडल्यासारखा आवाज झाला. जवळच्या ताटांवर करड्या भुकटीचा थर पडला होता. आम्ही सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. तडा होताच, पण त्याच्या कडेनं आता नवी पांढरी रेघ दिसत होती. उभ्या चार बल्ल्यांपैकी मधली एक धनुष्यासारखी वाकली होती.

मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाला, "सबो झन बाहिर निकलव."

मी आणि अधीक्षिकाबाईंनी मुलींना मागे सारलं. मला वाटलं, सगळेच बाहेर येतील आणि दार लावून घेऊ. पण मिस्त्री आत उभाच राहिला. तो सरांना म्हणाला की अशीच सोडली तर मधली बल्ली टिकायची नाही, आणि बाजूच्या भिंतीला लागून मुलींच्या झोपायच्या खोल्या आहेत. आत्ताच परत लावल्या पाहिजेत. त्याची बायको भिंतीपाशी गेली आणि तिनं एक बल्ली उचलली. लांब होती ती. एकट्या बाईच्यानं सरळ धरवेना. सरांनी पिशवी दारात ठेवली आणि आत जाऊन बल्लीला दोन्ही हातांनी धरलं.

"सर," मी म्हटलं.

"तू पोट्ट्यायले पाह्य," ते मागे न बघता म्हणाले.

आता लिहायला चार ओळी लागतात, पण तो तास संपता संपत नव्हता. एक बल्ली उभी करायची, डोक्यावर फळी सारायची, बुडाशी दोन्ही बाजूंनी पाचर घालायची आणि ठोकायची. जोरात ठोकता येत नव्हतं. मिस्त्री एक ठोका मारायचा, वर पाहायचा, मग दुसरा मारायचा. प्रत्येक ठोक्याला वरून भुकटी पडायची. सरांचे केस, भुवया, शर्ट सगळं करडं झालं होतं. मिस्त्री म्हणायचा, "सीधा धरे रहव, गुरुजी," आणि सर म्हणायचे, "हव." त्याची बायको पुढची बल्ली आणायला चालत जायची. धावायची नाही. एकदा वर कट्‌ असा आवाज झाला आणि तिघंही जिथल्या तिथे थिजले. कुणी पळालं नाही. थोड्या वेळानं मिस्त्रीनं पुढचा ठोका मारला.

माझ्याजवळ उभ्या असलेल्या एका लहान मुलीनं माझा पदर ओढून विचारलं, "दीदी, छत गिरही का?"

"नइ गिरय," मी म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

सातवी बल्ली लागली तेव्हा एक वाजून गेला होता. मिस्त्रीनं हातानं प्रत्येक बल्ली हलवून पाहिली आणि बाहेर येऊन मटकन खाली बसला. त्याच्या बायकोनं त्याला पाणी दिलं, मग सरांना दिलं. सरांचे तळहात सालपटांनी फाटले होते. मुलींना अंगणात कडुनिंबाखाली वाढलं. वरण-भात गार झाला होता.

तीनच्या सुमारास उपसंचालकसाहेब आले. कागद वाचून आधी माझ्यावर ओरडले, मग सरांवर. मिस्त्रीनं साहेबांना आत नेऊन वाकलेली बल्ली आणि वरची पांढरी रेघ दाखवली. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"कल का मैं क्या करूँ?" ते म्हणाले.

"आँगन में कर लीजिए, साहब," सर म्हणाले. "आँगन के ऊपर छत नहीं है."

उद्घाटन अंगणात झालं. भोजनकक्षाला कुलूप होतं. पंधरा दिवसांनी दुसरे इंजिनिअर आले, त्यांनी मूळ इंग्रजी अहवाल मागून वाचला आणि कायमची दुरुस्ती सुरू झाली. मधोमध दोन खांब उभे राहिले, तड्याचा भाग तोडून नवा घातला. छत काही पडलं नाही. म्हणून ऑफिसात निम्मे लोक शेवटपर्यंत म्हणत राहिले की म्हाताऱ्यानं उगाच तमाशा केला, सात बल्ल्या काढल्या तरी काय झालं होतं? त्यांना उत्तर देणं शक्य नव्हतं. सरांनी ते कधी दिलंही नाही. ते एक तारखेला आपला टेबलाचा अर्ज देत राहिले.

यादीतून माझं नाव वगळलं गेलं. दोन महिने नेमणूकच नव्हती, मग पुन्हा तीन महिन्यांची मिळाली. कायम व्हायला पुढे दीड वर्ष लागलं. सरांची बदली दिवाळीनंतर झाली, दूर बस्तरकडे, जिथे अनुवादाचं काहीच काम नव्हतं अशा ऑफिसात.

ते जायच्या दिवशी मी ब्राह्मणपाऱ्यात गेले. दुपार होती. पुस्तकांची खोकी बांधून झाली होती आणि ते जमिनीवर बसून वळकटी बांधत होते. त्या दिवसाबद्दल आम्ही मधल्या काळात एकदाही बोललो नव्हतो.

"बस बाई," ते म्हणाले. "चहा नाही आता. स्टोव्ह बांधून टाकला."

मी बसले. कसं काढावं कळत नव्हतं. शेवटी सरळच म्हटलं, "सर, त्या कागदात मी 'भूल' लिहिलं होतं."

"हव."

"ती भूल नव्हती. मले अर्थ माहीत होता. माहीत असून लिहिला होता दुसरा शब्द."

"माहीत आहे मले."

"तवाही माहीत होतं?"

"हव."

"मग सही काहून केली खाली?"

त्यांनी वळकटी गुडघ्याखाली दाबली आणि दोरी ओढली. मग हात थांबवून म्हणाले, "बोट ठेवलं होतं मी त्या शब्दावर. म्हणणार होतो, हा खोड, खरा काय तो लिही. मग वर पाह्यलं. भूल म्हटलं की मिस्त्री लगेच कामाले लागते. जाणूनबुजून म्हटलं की त्यात साहेबाचं नाव येते, मग तो साहेबाले विचारायले जाते. जाऊन येईपर्यंत ते छत थांबलं नसतं. चौतीस वर्षं नोकरी झाली. चुकीचा शब्द डोळ्यांनी दिसला आणि मी खाली सही केली, असं तेवढंच एकदा."

"त्रास होते का तुम्हाले त्याचा?"

"होते नं," ते म्हणाले. "रोज होते."

बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी बोलत होतं. सर परत दोरी ओढायला लागले. वळकटीकडे पाहतच म्हणाले, "पण पोट्ट्या जेवून राहिल्या तिथं."

त्यांनी दोरीचे दोन्ही पदर एकमेकांवरून घेतले, हातावरच्या जुन्या व्रणांमुळे त्यांना ते घट्ट धरवत नव्हते.

"ठेव बरं इथं बोट," ते म्हणाले. "गाठ मारतो."

मी बोट ठेवलं.